नाकाला धक्का न लागता

तिरोड्याचा छापखाना बंद पडला त्या साली
बाबाने किलोच्या भावाने खिळे आणले,
गोणपाटात, सायकलच्या कॅरिअरला बांधून.
ओतायच्या आधी मी उलटी अक्षरं वाचायची :
चि. सौ. कां., आमचे येथे श्रीकृपेकरून,
आहेर आणू नये.
कढईत सगळं लग्न थोडा वेळ उभं राहायचं,
मग गुडघ्यातून खचायचं.
"बॅटरीचं शिसं नोको," बाबा म्हणायचा, "ते इखारी.
ह्या खिळ्यांत दम हाय."

साच्यातून गोळ्या निघायच्या टोकदार,
पण जराशा जाड.
केसभर.
त्या केसासाठी पुढचा सगळा खटाटोप.

तुमसरच्या रज्जाक मिस्त्रीने पोलादी कडी कातून दिली.
गोळी बुडाकडून बसवायची,
वरून दट्ट्या.
पहिला दट्ट्या सपाट होता. नाकं बसली सगळ्यांची.
रज्जाकभाई हसला नाही.
लाखेत एका गोळीचं टोक रुतवून त्याने ठसा घेतला
आणि तेवढाच खड्डा
दुसऱ्या दट्ट्याच्या तोंडात कोरला.
"खांद्याले धरून लोट," बाबा मला शिकवायचा,
"नाकाले धक्का नोको.
नाक वाकडं, तं वाट वाकडी."

मेण जंगलातलं, इसरू मडाव्याच्या घरचं.
त्यात मोहाच्या टोळीचं तेल,
हिवाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी,
किती ते बाबाचा अंगठा सांगायचा.
ते खाचांत भरायला त्याने काय घ्यावं?
आईचा सोऱ्या.
त्या दिवाळीच्या चकल्या आम्ही कुत्र्यालाही घालू शकलो नाही.
आई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही,
नवव्या दिवशी एवढंच म्हणाली,
"निदान बारीक चकती तरी घ्याची होती."

मग सोऱ्या परत गेला आणि माझी बोटं आली.
दहावीच्या पेपरवर मेणाचा डाग होता.
बाजूच्या बाकावरची मुलगी म्हणाली,
तुझ्या हाताला देवळाचा वास येतो.

आता ती रात्र.
धानाच्या बांध्या लोंबीवर आलेल्या,
परवाना पीक-संरक्षणाचा, भिंतीवर, काचेत.
संध्याकाळी मी घाईत होते,
हाताला सपाट दट्ट्या आला,
एका गोळीचं नाक बसलं.
मी तिला मेण लावलं
आणि बाकीच्यांत सरकवून दिली.

रात्री एकच आवाज झाला.
डुक्कर धुऱ्यावरून वळलं,
भुऱ्या कुत्र्याचं पोट फाडून
पऱ्ह्याच्या पलीकडे गेलं.
बाबा कंदील घेऊन बराच वेळ बसला होता
भुऱ्याजवळ.
"हात हालला माहा," म्हणाला.
मी गप्प.

एकोणीस वर्षं गप्प.
मधे माझं लग्न झालं, पत्रिका ऑफसेटवर छापली,
अक्षरं सुलटी, गुळगुळीत, वजन नसलेली.

परवाना पुन्हा वाढला नाही.
बंदूक ठाण्यात जमा करायला मीच गेले बाबासोबत.
शिपायाने पावती फाडली,
बाबाने ती टोपीत ठेवली.
घरी येऊन म्हणाला, डबा काढ, मोजून टाकू.
तंबाखूचा डबा. चौदा गोळ्या, फडक्यात.
आणि डब्याच्या बुडाशी, वेगळ्या कागदात,
पंधरावी.
नकटी.

मी तिच्याकडे बघत होते.
बाबा चष्मा पुसत होता.
"ते त्याच सांजी बाजूले काढली होती," म्हणाला,
"अशी गोळी मी कायले भरन?"

मग हात हालला तो खरंच हालला होता.
मग भुऱ्या.
मी काहीतरी बोलणार होते,
तेवढ्यात आईने आतून विचारलं
चहात साखर किती.

खाचेतलं मेण अजून मऊ होतं.
अंगठ्याने मी ते थोडं सारखं केलं,
जिथे सुटलं होतं तिथे,
आणि कागद पुन्हा गुंडाळला.